बिराजदार आणि दहा फुटांची रिंग

आमच्या मजल्यावरच्या बिराजदारांना कुणीही नवा माणूस भेटला, की ते आधी त्याचं गाव विचारतात. यात विशेष काही नाही. संत तुकाराम नगरात निम्मे लोक बाहेरगावचेच आहेत. विशेष पुढच्या प्रश्नात आहे. "मग तुमच्या जिल्ह्यात चौदा वर्षांखालच्या पोरींना वर्षाला बास्केटबॉलच्या किती मॅचेस मिळतेत?"

मी इथं राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोक्यावर गादी होती. मी नुकतंच सातारा म्हणालो होतो. माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सख्ख्या आजोबांचं नाव विसरलो होतो. मग गादीचं एक टोक धरून जिना संपेपर्यंत त्यांनी मला साताऱ्याचं बास्केटबॉल समजावून दिलं.

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यातही हेच. मुलाकडची मंडळी नागपूरची. बिराजदारांनी मुलाच्या काकांना कोपऱ्यात घेतलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं, की चला, कुणीतरी मुलाची चौकशी करतंय. ते नागपूरच्या निवड चाचणीची चौकशी करत होते. काका तरुणपणी खेळलेले निघाले आणि पानं मांडून झाली तरी दोघं जागचे हलेनात. शेवटी होणाऱ्या नवऱ्यालाच त्यांना जेवायला उठवावं लागलं.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, की माणूस मोठा खेळाडू असणार. बिराजदारांनी जन्मात बास्केटबॉल खेळलेला नाही. ते उदगीरकडचे. कबड्डी खेळायचे, तीही गुडघा गेला तशी सुटली. पोटापाण्यासाठी इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागले. समोर आलेला पीस मापात आहे की नाही, हे बघणं त्यांचं काम. ही नजर ते शिफ्ट संपल्यावर कंपनीत ठेवून येत नाहीत, एवढाच काय तो त्यांचा दोष.

"आपल्याकडं काय करतेत बगा," ते सांगू लागतात. ऐकणारा तेव्हा बहुधा दुधाची पिशवी घेऊन घाईत असतो. "पोरी वर्षभर घाम गाळतेत. पहिली मॅच हरली की घरी. संपलं वर्ष. एक पीस बघून अख्खी बॅच भंगारात टाकल्यासारखं झालं की हे. कंपनीत मी असं केलो तर मला काढतेल. तिकडं तसं न्हाई. तिकडं लीग असती. आज हरली तरी पुढच्या आठवड्यात परत मॅच. सिस्टीम, राव, सिस्टीम."

तिकडं म्हणजे तमिळनाडूत. तिथल्या एका क्रीडा वसतिगृहात त्यांची एकुलती एक मुलगी गौरी राहते. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे घर बापलेकीचंच. गौरीची तिकडे निवड झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बिराजदारांनी सगळीकडच्या पद्धती ताडून पाहिल्या, "तिकडचं बरं" असा निकाल दिला आणि तिला पोचवून एकटे परत आले. तेव्हापासून तो निकाल ते रोज कुणाला ना कुणाला पटवून देत असतात. लोक कंटाळतात. मीही कंटाळायचो. तो निकाल ते स्वतःलाच पटवत असावेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यंदा गौरीची दहावी झाली. पुढे तिकडेच राहायचं की घरी यायचं, हे तिनं वडिलांवर सोडलं. "आपल्याकडचं आता कसं आहे ते बघून सांगा, बाबा. तुम्ही म्हणाल तसं करू," असं तिनं फोनवर सांगितलं आणि बिराजदारांच्या अंगात वारं भरलं. इतकी वर्षं इकडची खोट काढणारा माणूस इकडचं चांगलं शोधत सुटला.

पहिल्याच दिवशी ते टेप घेऊन आमच्या वसाहतीच्या मैदानावर गेले. तिथलं एक कोडं होतं. आमची पोरं इथं धडाधड बास्केट करतात आणि बाहेर खेळायला गेली, की त्यांचा बॉल रिंगच्या अलीकडेच पडतो. आम्ही त्याला दडपण म्हणायचो. बिराजदारांनी माप घेतलं आणि कोडं सुटलं. निवडणूक जवळ आली, की मैदानावर डांबराचा नवा थर पडतो. जुना कुणी उकरत नाही. थरावर थर चढून जमीन वर आली आणि खांब होता तिथंच राहिला. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर लागते, आमची चांगली वीतभर खाली निघाली.

"पोरांचं काय बी चुकलं न्हाई," बिराजदार म्हणाले. "मापच खोटं हाय."

रिंग वर घ्यायला कासारवाडीच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंना बोलावलं. ते वेल्डिंगचं सामान घेऊन आले, पण हात लावण्याआधी त्यांनी अट घातली.

"बिराजदार भाऊ, हैदराबादचं काही विचारायचं नाही. मागच्या ईदला माझ्या साडूला तुम्ही शीरखुर्मा गार होईपर्यंत सोडलं नव्हतं."

"तुमच्या साडूला काईच माहीत नव्हतं," बिराजदार म्हणाले.

"तो फर्निचर विकतो, भाऊ."

रिंग वर गेली. टेप लावून बिराजदार ताठ उभे राहिले आणि मी त्यांचा फोटो काढला. लग्नाच्या फोटोतही माणूस इतका खूश दिसत नाही. त्याच आठवड्यात आसपासच्या वसाहतींनी पोरींचे सामने लीगनं खेळवायचं कबूल केलं. जवळच्या शाळेत एक चांगला कोच आला होता, त्यालाही ते पारखून आले.

"निकाल फिरला, राव," ते मला म्हणाले. "इकडचं बी बरं झालं." गौरीच्या खोलीतल्या पंख्याची पाती पुसतानाच त्यांनी हे सांगितलं.

"मग फोटो पाठवू का तिला?"

"थांबा. रविवारी फोन येतो तिचा. आधी तोंडानं सांगतो."

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे चहाला गेलो. बिराजदारांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे चोरून ऐकायचा प्रश्नच नव्हता. गौरी आधी भरभरून बोलली. तिला तिथल्या संघात पहिल्या पाचांत घेतलं होतं. नवी कोच पहाटे तिच्या एकटीकडून वेगळा सराव करून घेत होती. ती कुठल्याशा मैत्रिणीला मध्येच काहीतरी तमिळमध्ये ओरडून हसली. मग एकदम हळू झाली.

"पण तुम्ही म्हणाल तर येते मी, बाबा. घरची आठवण येते. तिकडं कसं आहे आता?"

बिराजदारांनी गौरीच्या खोलीतल्या पुसलेल्या पंख्याकडे एकदा पाहिलं.

"कच्चं हाय अजून," ते म्हणाले. "रिंग बी खालीच हाय. तू तिकडंच थांब."

"बरं," ती म्हणाली. जेवण वेळेवर करायचं, असं दोघांनी एकमेकांना बजावलं आणि फोन बंद झाला.

"अहो, रिंग तर आपण..." मी म्हणालो.

"एक रिंग उचलली म्हणजे सिस्टीम होत न्हाई, राव. लीग ठरली, पण खेळली कुठं अजून? मला पास करायचं होतं म्हणून मी पास करत होतो. माझ्या पोरीवर कशाला प्रयोग?"

या माणसाला टाळायला मी कितीदा जिन्यावर कानाला खोटा फोन लावला होता. मी कप उचलले, तर ते त्यांनी माझ्या हातातून घेतले आणि बेसिनपाशी जाऊन विसळू लागले.

"तो फोटो तुमच्याच फोनमध्ये हाय की?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आहे."

"असू द्या. तिला नका पाठवू. बघितला तर येईल ती."