भोईटेवहिनींच्या काळजीचे डोहाळे

भोईटेवहिनींच्या काळजीला डोहाळे लागले ते त्यांना सोनोग्राफीची तारीख मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

वहिनी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवतात. त्या दिवशी मुलींना बाहीचं कटिंग दाखवता दाखवता त्यांना एकाएकी कुणाच्या तरी आजारपणाची गोष्ट ऐकावीशी वाटली. आजारपण पोटाचं हवं होतं आणि गोष्टीचा शेवट कुणाला माहीत नसायला हवा होता. त्यांनी कात्री खाली ठेवून पुढच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आत्याचं पोट अस्संच दुखायचं मॅडम. मग तिला मिरजेला नेलं." एवढ्यात तास संपला आणि मुलगी निघून गेली. वहिनींना फार बरं वाटलं. पुढचा तास अर्ध्यावर येईतो पुन्हा खावंसं वाटू लागलं.

यातलं बरंचसं मला वहिनींनीच सांगितलं आहे. साताऱ्याच्या पाटबंधारे वसाहतीत आमची आणि त्यांची भिंत एक आहे, त्यामुळे उरलेलं ऐकू आलं.

झालं होतं असं की वहिनींना बरेच महिने अंगावरून फार जात होतं. आधी त्यांनी ते वयावर ढकललं, मग उन्हाळ्यावर, मग आयटीआयच्या परीक्षांवर. शेवटी चक्कर येऊन शिलाई मशीनवर पडल्या तेव्हा डॉक्टर शेटेबाईंकडे गेल्या. बाईंनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, "गर्भाशय वाढलेलं लागतंय. फायब्रॉइड असतील, साध्या गाठी. पण बघून घेऊ." या 'पण'ने वहिनींना काळजी राहिली, दिवस राहतात तशी.

काळजीचे महिने कॅलेंडरच्या हिशेबाने जात नाहीत. सोमवारी राहिलेल्या काळजीला गुरुवारी तिसरा लागला. वहिनींची सासू, आक्का, ऐंशीच्या घरातली बाई, तिला कुणी सांगावं लागलं नाही. सून चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघत बसलेली पाहून तिने ओळखलं.

"काय खावंसं वाटतंय?" आक्कांनी विचारलं.

"कुणाची तरी गोष्ट, आक्का. बिनशेवटाची."

"मग विश्वासला पाठवते. डोहाळे मारू नयेत. काळजीची लाळ गळत राहते जन्मभर."

विश्वासराव, म्हणजे वहिनींचे यजमान, कालव्यावर पाण्याची पातळी मोजतात. माणूस सरळ. पाण्याची पातळी लिहितात त्याच आवाजात लग्नाचं आमंत्रणही देतात. ते ऑफिसातून आले, हातपाय धुतले आणि तीन ताळी डबा घेऊन वसाहतीत निघाले. दारोदार जाऊन डबा उघडून धरायचे आणि म्हणायचे, "पोटाच्या आजारपणाचं काही असलं तर द्या. सांडू देऊ नका." लोक डब्यावर वाकून गोष्ट सांगायचे, ते झाकण लावायचे.

आमच्या वसाहतीत या मालाची ददात नव्हती. जगदाळ्यांनी फलटणच्या चुलतबहिणीची दिली. गाठ नारळाएवढी निघाली म्हणे. पुढे? पुढे जगदाळ्यांची इकडे बदली झाली, संबंध राहिला नाही. ही वहिनींच्या काळजीने मिटक्या मारत खाल्ली. आमच्या मंडळींनी दिलेलीही तिला रुचली, कारण ती सांगताना आमच्यातच वाद झाला आणि शेवट राहून गेला.

पंचाईत मुजावरभाभींच्या डब्याची झाली. भाभींनी मनापासून आपल्या खालाची, म्हणजे मावशीची, गोष्ट दिली होती. खालाच्या पोटातून गाठी काढल्या, त्या साध्या निघाल्या, खाला आज कोरेगावात नातवंडांना बदडते आहे. काळजीने या गोष्टीला तोंड लावलं नाही. डबा तसाच परत गेला. भाभींना राग आला.

"माझ्या हातचं कुणी परत पाठवत नाही, भाईसाहेब."

"आमचं काही म्हणणं नाही भाभी," विश्वासराव म्हणाले. "तिला शेवट चालत नाही."

भाभींनी विचार केला. मग तीच गोष्ट ऑपरेशनच्या दारापर्यंत आणून तिथेच थांबवली आणि डब्यात घातली. शेवट वेगळा एका कागदाच्या पुडीत बांधून दिला. "हा नंतर द्या," त्या म्हणाल्या, "पचायला."

सोनोग्राफीच्या दिवशी वहिनी सांगितल्याप्रमाणे तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पाणी व काळजी दोन्ही पोटात धरून बाकावर बसल्या. आत गेल्यावर पोटावर गार मलम लागलं. पडद्याकडे बघत सोनोग्राफीवाले डॉक्टर बोलू लागले आणि शेजारची मुलगी लिहू लागली. गाठी तीन, पैकी एक मोठी. अस्तर जाड आहे. त्याच्या मागे काळजी, एकच, हालचाल उत्तम, वाढ तारखेच्या मानाने जास्त.

"ती खरी आहे की खोटी, तेवढं सांगा," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी हात थांबवला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. काळजी खरी की खोटी हे जन्माआधी सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा होता.

"कानात सांगा," वहिनी म्हणाल्या. "मी कुणाला बोलणार नाही."

"बाई, माझं मशीन सील होईल."

"मग तुमचा चेहरा बघू का जरा?"

डॉक्टरांनी तोंड पडद्याकडे फिरवलं. या पेशात चेहऱ्यावरूनही सांगायची मनाई असते.

अस्तर जाड म्हणून शेटेबाईंनी त्याचा एक छोटा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला. त्यावरून गाठींबरोबर आणखी काही वाईट आहे की नाही ते कळणार होतं. रिपोर्टला वेळ लागेल, फोन करत बसू नका, आम्हीच कळवू, असं सांगण्यात आलं. वहिनी घरी आल्या तेव्हा काळजीला सातवा लागला होता. जिन्याचा कठडा धरून वर चढल्या.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते असं.

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

"काय वाटायचं?"

"मला काही झालं तर?"

"रिपोर्ट येऊ दे की."

"तुम्ही जेवता, पेपर वाचता, कालव्याचं पाणी किती ते सांगता. मी इथे एकटीच घेऊन हिंडते आहे. माणूस आहात का कोण?"

डब्याची झाकणं उघडल्याचा आवाज आला. विश्वासराव बहुधा दुसऱ्या दिवशीसाठी डबा विसळत होते. वहिनींना याचा फार राग आला, आणि मला विचाराल तर तो बरोबर होता.

इकडे आक्कांनी सातव्या महिन्याचं मनावर घेतलं. सातवा म्हटल्यावर डोहाळजेवण करायचंच. पोटात मूल आहे की काळजी आहे हा भेद रीतीत कुठे सांगितलेला नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. वसाहतीतल्या बायका आधी घुटमळल्या. आमच्या मंडळींनीही विचारलं, "असं कधी झालंय का आक्का?" आक्का म्हणाल्या, "झालं नाही तेच चुकलं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भोईटेवहिनींना मूल नाही. वसाहतीतल्या प्रत्येक डोहाळजेवणाचं हिरवं पोलकं त्यांनी शिवलं आहे, आणि प्रत्येक वेळी ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हटलं आहे, "वहिनी, तुम्ही जरा आत भजी तळताय ना?" वहिनींनी भजी तळली आहेत. चांगली तळतात.

त्या दिवशी भजी जगदाळेबाईंनी तळली आणि ती आतून कच्ची राहिली. वहिनींना हिरवं लुगडं नेसवलं, मोगऱ्याच्या वाड्या घातल्या, आक्कांच्या झोपाळ्यावर बसवलं. बायकांनी एकेक करून ओटी भरली. भरताना एरवी म्हणतात ते कुणाला म्हणता येईना, तेव्हा मुजावरभाभींनी वाट काढली. त्या म्हणाल्या, "सुखरूप सुटका होऊ दे." मग सगळ्यांनी तेच म्हटलं. वहिनींना संताप आला, की हे आत्ता सुचतंय यांना. आणि बरंही वाटलं. बरं वाटल्याचा त्यांना जास्त संताप आला आणि त्या रडल्या. बायकांनी डोळ्यांत काजळ गेलं असेल म्हणून सावरून घेतलं.

शेवटी वाट्या आल्या. झाकलेल्या दोन वाट्या असतात, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. या खेपेला पेढा म्हणजे साधं आणि बर्फी म्हणजे दुसरं, असं ठरलं होतं. ते ठरवताना कुणी 'दुसरं' याच्या पुढे गेलं नाही. वाट्या आल्यावर बायकांनी डोळे मिटले. हा खेळ कुणाच्या डोक्यातून निघाला म्हणून आमची मंडळी मनात आक्कांना बोल लावत होती.

वहिनींनी डावीकडची उघडली. पेढा.

सगळ्यांनी श्वास सोडला. पण वहिनींच्या काळजीला उजवीकडचीही खावीशी वाटली, आणि डोहाळे मारता येत नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "असू दे गं ती," जगदाळेबाई म्हणाल्या. वहिनींनी झाकण काढलं. त्यातही पेढा.

वहिनींनी सासूकडे पाहिलं. आक्का कडक बाई आहे. उपासाला चुकून भाताचं शीत तोंडात गेलं तर दुसरा उपास करते. रीतभातीत तिने आयुष्यात लबाडी केली नव्हती.

"दुकानात बर्फी नव्हती," आक्का म्हणाल्या, आणि उठून भज्यांचं बघायला गेल्या.

रिपोर्ट आला तेव्हा वहिनींचे दिवस भरले होते. दोघं स्कूटरवरून दवाखान्यात गेली. शेटेबाईंनी पाकीट फोडलं, कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. एवढ्या वेळात वहिनींना कळा सुरू झाल्या.

"वाईट काही नाही," बाई म्हणाल्या. "गाठी साध्या आहेत. गोळ्या देते, रक्त भरून येऊ दे, मग ठरवू काढायच्या का ते."

वहिनींची तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या सुटका झाली. आवाज झाला नाही. शेटेबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "रिपोर्टने मोकळी होते तिला टाके लागत नाहीत," त्या म्हणाल्या. "आठवडाभर जिना बेताने चढा." वहिनींना एकदम हलकं वाटलं, भूक लागली, आणि ती साधी, पोळीभाजीची होती. "चला," त्या यजमानांना म्हणाल्या.

विश्वासराव उठेनात.

"अहो, चला."

"थांब जरा. उठवत नाही."

शेटेबाईंनी चष्मा वर केला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्यांना तपासायच्या टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. शर्टाची बटणं सोडायला लावली. हात ठेवल्याबरोबर त्यांना कळलं.

"कितवा?"

"नववा असेल," विश्वासराव छताकडे बघत म्हणाले.

"म्हणजे यांच्याबरोबरच राहिलीय. कुणाला बोलला नाहीत?"

"तीन महिने होईपर्यंत सांगू नये म्हणतात."

"आणि नंतर?"

"नंतर हिचे डोहाळे होते. मग सांगायचं राहून गेलं."

वहिनी टेबलाशी उभ्या राहिल्या. वसाहतीत डबा घेऊन हिंडताना, कालव्यावर उतरताना, रोज जिने चढताना हा माणूस पोटुशी होता आणि त्याला कुणी खाली बसा म्हटलं नव्हतं. त्यांना ओशाळं वाटलं. मग त्याच्यावर प्रेम आलं, इतकं, की त्यांनी त्याच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजांत लावली.

"पण रिपोर्ट तर चांगला आला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "यांची का नाही सुटली?"

"रिपोर्ट तुमच्या नावाचा आहे," शेटेबाई म्हणाल्या. "त्यांच्या काळजीला तो लागू होत नाही. त्यांचे डोहाळे पुरवा. दुसरं औषध नाही. पुढचा पेशंट."

बाहेर आल्यावर वहिनींनी त्यांना स्कूटरपाशी सावलीत उभं केलं.

"काय हवंय तुम्हाला?"

विश्वासराव बराच वेळ लाजले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीचं काहीतरी सांग."

"पुढच्या वर्षीचं काय?"

"काहीही. तू काय करशील ते."

"पुढच्या वर्षी," वहिनी म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीला रंग काढणार. पिस्ता."

विश्वासरावांना पिस्ता रंग सहन होत नाही. काळजीने तो खाल्ला.

"त्याच्या पुढच्या वर्षीचं?"

"गॅलरीला जाळी बसवू. कबुतरांनी वीट आणलाय. तुम्ही आणतो म्हणाल आणि आणणार नाही, मग मी भांडेन."

"त्याच्या पुढच्या?"

येणारे-जाणारे त्यांच्याकडे वळून बघत होते. वहिनी एकेक वर्ष सांगत गेल्या. आक्कांची नव्वदी झाली, यांची निवृत्ती झाली, निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसून माझं डोकं खाल, तेही झालं. विश्वासराव स्कूटरच्या सीटला टेकून ऐकत होते.

"मग तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब. तुम्ही टाळाटाळ करणार."

"थेंब कोण घालणार?"

"मी. दुसरं कोण आहे?"

विश्वासरावांनी डोळे पुसले आणि स्कूटर स्टँडवरून काढली. अजून सुटका झाली नव्हती, पण बसता येण्यासारखं झालं होतं. वहिनी मागे बसल्या आणि मोतीबिंदूनंतरच्या वर्षाचं सांगू लागल्या. वसाहत येईपर्यंत विश्वासरावांनी गाडी तीनदा थांबवली, कारण वाऱ्यात त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.