पोराक संगत लागता

आमचा मुलगा जन्मला त्या वर्षी माझ्याच घरात शिरायला मला शेवंतीकाकीची परवानगी लागे. ही आमची वालावलची शेजारीण. तरुणपणीच नवरा गेलेली. नात्याने आमची कोणी नाही, पण अधिकाराने सासूच्या वर. मी ओरोसच्या नव्या कचेरीत कारकून. साहेबाची बोलणी खाऊन, एसटीत उभ्याने धक्के खाऊन घरी आलो की काकी अंगणातच आडवी येई.

"थांब रे वसंता. तोंड बघ आपला! ह्या तोंडान पाळण्याकडे जातलंस? पोराक संगत लागता."

मग मी हसून दाखवायचं. पहिलं हसू तिला क्वचितच पसंत पडे.

"ह्या कचेरीतला हसणा. घरातला काढ."

माणूस आईच्या पोटातून अर्धाच येतो, उरलेला शेजारीपाजारी घडवतात, असं तिचं ठाम मत. त्यामुळे भजनातल्या आबाला पाळण्यापर्यंत मुभा, थापाड्या बबनला फक्त पायरीपर्यंत. सगळ्यात अवघड समोरचे बाबी आणि दाजी. सख्खे भाऊ, पण बांधावरच्या फणसावरून रोज जुंपायची. काकीने दम भरला, "भांडा, पण अंगाई म्हटल्यासारखे भांडा. पोर आयकता."

आणि ते खरोखर तसे भांडू लागले!

"तुझा वाटोळा होवंदे रे बाबा," बाबी लाडात म्हणे.

"आधी तुझा होवंदे रे राजा," दाजी त्याहून मऊ.

इतक्या गोड आवाजात राग टिकेना. पावसाळ्याआधी दोघे त्याच फणसाचे गरे एका सुपातून खाताना दिसले.

एका रविवारी माझी बायको नलू विहिरीवर घसरली. पाय मुरगळला. मी धावत निघालो आणि कडेवरचं पोर काकीपुढे धरलं. काकी दोन पावलं मागे सरली.

"माका नको."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, सगळ्या वाडीला शिस्त लावणाऱ्या काकीने पोराला अजून हातसुद्धा लावला नव्हता.

"काकी, धर गो!"

"मिया इतकी वर्सा एकटी रवलंय रे. पोराक एकटेपणाची सवय लागात."

विहिरीकडून, कण्हता कण्हताच, नलू ओरडली, "मगे काकी, तुमकाच पोराची सवय लागांदे!"

काकीने हात पुढे केले.

मी नलूला आधार देत ओटीवर आणलं, तर काकी पोर घेऊन ताठ बसली होती. श्वाससुद्धा जपून घेत होती. पोराने तिचा पदर मुठीत धरला होता. मला जवळ बोलावून तिने हळूच विचारलं,

"वसंता, ह्येका घट्ट धरूचा, काय सैल?"