पत्राबरहुकूम फूटपाथ

फाटकासमोर फरशा बसवणारी माणसं पाहून तात्यांना आनंद झाला, पण तो जेमतेम पाच मिनिटं टिकला.

तात्या तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. कुणाचा ऱ्हस्वदीर्घ चुकला की त्यांचं डोकं फिरायचं. इथे तर अख्खा फूटपाथच वर्षभर उखडलेला होता आणि त्यात त्यांच्या बायकोचा पाय दोनदा मुरगळला होता. तात्यांनी नगरपालिकेला सुवाच्य अक्षरात चार पत्रं लिहिली. उत्तर शून्य.

"हातानं लिहिलेलं हल्ली कोण वाचतंय, बाबा? ईमेल करा," सून म्हणाली. तात्यांनी छापखान्यातल्या लाडक्या जुन्या फॉन्टमध्ये पाचवं पत्र टाइप केलं. होता नव्हता तो सगळा राग त्यात ओतला. सुनेनं खाली सही जोडली, विषयाच्या जागी 'फूटपाथ' लिहिलं आणि पत्र धाडून दिलं.

आणि आता माणसं आली होती. पण दोन फरशा झाल्या की एक जागा मोकळी सोडत होती. मग चार फरशा, पुन्हा खड्डा.

"ही काय पद्धत झाली?" तात्यांनी मुकादमाला विचारलं.

"नकाशाप्रमाणे चाललंय." मुकादमानं कागद पुढे केला. कागदभर नुसते चौकोन होते आणि तळाला तात्यांची सही.

तात्यांचे कान तापले. त्या कचेरीतल्या संगणकात त्यांचा फॉन्टच नव्हता. एकेका अक्षराचा एकेक चौकोन झाला होता, दोन शब्दांमधली जागा तेवढी मोकळी.

"अहो, हे पत्र आहे. माझं."

"मग नकाशा तुम्हीच काढलाय की."

तात्यांनी तिथूनच कचेरीत फोन लावला. कारकून शांतपणे म्हणाला, "साहेबांना फार आवडला तुमचा नकाशा. लगेच मंजूर केला."

"आणि आधीची चार पत्रं?"

"ती वाचायची राहिलीत."

"निदान मधले खड्डे तरी बुजवा."

"मंजूर नकाशात बदल करायचा तर नवा अर्ज लागेल."

तात्यांनी फोन ठेवला. ओठ आवळून घरात गेले, खडू घेऊन आले आणि गुडघे टेकून फूटपाथवर बसले. प्रत्येक खड्ड्याच्या वर एक आणि खाली एक कंस काढत ते सरकू लागले. प्रुफात मधली जागा काढून शब्द जोडायचा असला की हीच खूण करायची.

"हे काय?" मुकादमानं विचारलं.

"दुरुस्ती. इथली जागा बंद करा. सही माझी आहे ना?"

मुकादमानं कागद पाहिला, तात्यांचा चेहरा पाहिला. "सही तुमची, दुरुस्ती तुमची. आपलं काय जातंय." संध्याकाळपर्यंत एकही खड्डा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः पाहणीला आले. बूट आपटून फरशा तपासल्या, फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "नागरिकांनी असा हातभार लावायला हवा. आणखी काही सांगायचंय का, आजोबा?"

तात्यांना पत्र पाठ होतं. त्यांनी मनातल्या मनात ओळी मोजल्या. साहेब तिसऱ्या ओळीत, बरोबर 'नालायक' या चार फरशांवर उभे होते.

"काही नाही," तात्या म्हणाले. "सगळं लिहून दिलंय."