रुमालाचा दर

साहेबांना नोकरीत असताना कुणी साहेब म्हणत नव्हतं. नोकरी सुटल्यावर म्हणायला लागले, आणि हे नाव ठेवलं त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने. ताईचा लोकांची घरं साफ करून देण्याचा धंदा होता. ती स्वतः, हाताखाली कामाला एकमेकींच्या जावा असलेल्या दोघी बायका, बादल्या, फडकी आणि एक कण्हणारा व्हॅक्युम क्लीनर. दर अगदी सरळ, खोलीमागे ठरलेला. नोकरी गेल्यापासून साहेब ताईच्या सोफ्यावर मुक्काम ठोकून होते, आणि बसल्या बसल्या त्यांना या धंद्यातली चूक दिसली.

"ताई, तू हकनाक लुटली जातेयस," ते म्हणाले. "एका घरात नुसती धूळ, दुसऱ्या घरात ओट्यामागे बोटभर चिकट थर, आणि दर एकच? पैसे खोलीचे घ्यायचेच नाहीत. घाणीचे घ्यायचे."

ताईला हे काही फारसं पटलं नाही. पण गेल्याच आठवड्यात एका स्वयंपाकघरातल्या तेलकट चिमणीने दोघी जावांचा अख्खा दिवस खाल्ला होता, त्यामुळे नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. तिने एक महिना दिला.

"चाललं तर अर्धी भागीदारी तुझी," ती म्हणाली. "नाही चाललं तर सोफा सोडायचा आणि बादली उचलायची. आणि माझ्या दोघी रिकाम्या बसल्या, तर मी तुझं काही ऐकणार नाही."

साहेबांनी जन्मात बादली उचललेली नव्हती. त्यांनी तत्काळ होकार दिला.

पद्धत त्यांनी स्वतः बसवली. सफाईच्या आदल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकाकडे जायचं. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचा. कपाटाच्या माथ्यावरून, पंख्याच्या पात्यावरून, शेगडीच्या मागून तो फिरवायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा आणि घाणीची जात जाहीर करायची: साधी, मध्यम किंवा जहाल. जहाल घाणीला दर तिप्पट.

पहिलाच मान एका मोठ्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना मिळाला. रुमाल पाहून साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "जहाल." काकूंना पैशांचं काही वाटलं नाही. त्यांना शब्द लागला. माझ्या घरात काय बॉम्ब बनतात का, असं त्यांनी इतक्या वरच्या पट्टीत विचारलं, की संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या लिफ्टलासुद्धा काकूंच्या कपाटाची हकिगत पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी पाळी होती वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्या पहाटेच स्टुलावर चढल्या. साहेब पोचले तेव्हा रुमाल जसा गेला तसा परत आला. साहेबांनी खूश होऊन "साधी" असा निकाल दिला. सफाईच्या दिवशी दोघी जावा बादल्या घेऊन गेल्या, तर घासायला काही शिल्लकच नव्हतं. बाईंनी त्यांना फरशीत त्यांचीच तोंडं दाखवली आणि वाटेला लावलं.

मग तोच शिरस्ता पडला. साहेब येणार म्हटलं की घरं आधीच चकाचक. फोन घणघणत राहिले, पण मागणी एकच: सफाई नको, साहेबांना पाठवा. एका सासूबाईंना सुनेचं स्वयंपाकघर तपासून हवं होतं. काकूंनी घर घासून घासून साहेबांना पुन्हा बोलावलं आणि "साधी" हा शब्द जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हणायला लावला. साहेबांना वाटलं, धंद्याने बाळसं धरलं.

"ताई, फोन थांबत नाहीये," ते ऐटीत म्हणाले.

"फोन थांबत नाहीये, पण बादल्या थांबल्यात," ताई म्हणाली.

दोघी जावा साहेबांच्याच सोफ्यावर बसल्या होत्या. थोरलीने ताईला हळूच विचारलं, आम्ही दुसरीकडे काम बघायचं का. साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. नोकरी जाणं म्हणजे काय, हे त्यांना नुकतंच कळलेलं होतं. आता काही झालं तरी कुठेतरी घाण सापडायलाच हवी होती.

ती सापडायला लांब जावं लागलं नाही. ताई दिवसभर लोकांची घरं पुसायची, तिच्या स्वतःच्या कपाटावर मात्र वर्षानुवर्षं कुणाचा हात फिरला नव्हता. साहेबांनी रुमाल तिथे मनसोक्त फिरवला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा डॉक्टरीणबाईंचं दार गाठलं. त्यांच्या पंख्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, घडी उलटली आणि म्हणाले, "जहाल."

बाईंनी आपला रुमाल काढला. स्टुलावर चढून तोच पंखा पुसला. रुमाल पांढराच्या पांढरा. तोवर काकूंसह अर्धी इमारत दारात जमली होती.

"मग तुमच्या रुमालावरची ही घाण कुठली?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी रुमाल पाठीमागे लपवला. घाबरलेला माणूस खरं बोलतो. "ताईच्या घरची," ते म्हणाले.

साफसफाईवालीचं घर जहाल, ही बातमी साहेबांच्या आधी घरी पोचली. ताईने आधी कपाट पुसलं, मग दर पुन्हा खोलीमागे केला आणि शेवटी बादली साहेबांच्या हातात दिली.

जुन्या दराने पहिला फोन आला तो डॉक्टरीणबाईंचाच. साहेब थोरल्या जावेच्या मागून बादली हिंदकळवत आत शिरले आणि दारातच थबकले. बेसिन खरकट्याने भरलेलं, ओट्यावर दुधाचे ओघळ, पंख्यावर धुळीची गोधडी.

"इतके दिवस तुमच्या धाकाने मीच घासत होते," डॉक्टरीणबाई स्टूल पुढे सरकवत म्हणाल्या. "आता कितीही घाण असली तरी दर तोच ना? मग चढा."

हे घर रुमालाच्या दराने केवढ्याला गेलं असतं, याचा विचार करत साहेब स्टुलावर चढले. सवयीने हात खिशात गेला, रुमाल निघाला आणि पंख्याच्या पात्यावरून फिरला.

"साहेब," खालून थोरली जाऊ म्हणाली, "रुमालाने नाही निघायचं ते. फडकं घ्या."