एकट्यांच्या रांगेचे माहात्म्य

माणूस हा कळपाने राहणारा प्राणी आहे, पण त्याला बसवायच्या खुर्च्या मात्र ठरावीक संख्येतच बनतात, आणि जगातली बरीचशी दुःखे या दोन गोष्टींचा मेळ न बसल्यामुळे उभी राहतात.

अमेरिकेतल्या आमच्या ऑरलँडोत, म्हणजे करमणुकीच्या उद्यानांच्या शहरात, या प्रश्नाचा अभ्यास फार खोलवर झालेला आहे. रोलर कोस्टरच्या एका ओळीत चार आसने असतात. कुटुंबे येतात तिघांची, पाचांची, आणि आजीला खालीच बाकावर बसवून आलेल्या सातांची. मग एक आसन रिकामे राहते. ते बिचारे तसेच वर चढते, उलटे होते आणि एकदाही न किंचाळता खाली येते. हे दृश्य उद्यानाच्या व्यवस्थापनाला बघवेना. म्हणून त्यांनी मुख्य रांगेला लागूनच, कठड्याच्या पलीकडून, एकट्यांची वेगळी रांग काढली. तिच्यात शिरण्याची अट एकच. वर फलाटावर कर्मचारी विचारतात, "किती जण?" तेव्हा आपण एक बोट वर करून "एक" म्हणायचे. आपले या जगात कोणी नाही एवढे कबूल केले, की दोन तासांचे काम वीस मिनिटांत होते. (एवढ्या वैराग्यासाठी पूर्वी लोक हिमालयात जात. इथे ते तिकिटातच धरलेले आहे.)

मी या रांगेचा जुना भक्त. लग्न केलेले नाही, वर्षाचा पास आहे, आणि घरापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत दोनच सिग्नल लागतात. माझ्या हिशेबाने माझ्या आयुष्यातले सव्वा वर्ष या रांगेने वाचवले आहे. ते मी पुन्हा याच रांगेत गुंतवले.

रांगेचा खरा मोठेपणा मात्र मुलांच्या बाबतीत दिसतो. मूल सात वर्षांचे हवे आणि दाराजवळच्या मोजपट्टीपेक्षा उंच हवे, बास. घरी त्याला कोणी एकट्याने रस्ता ओलांडू देत नाही, मायक्रोवेव्हला हात लावू देत नाही. इथे मात्र ओहायोच्या दोन अनोळखी गृहस्थांच्या मधोमध बसवून त्याला उलटे टांगता येते. त्यातून मूल स्वावलंबी होते आणि आईवडिलांचा वेळ वाचतो. त्या वेळात ते मूल कुठून बाहेर पडेल याचा शोध घेऊ शकतात.

त्यामुळे माझी धाकटी बहीण कॉलीन, तिचा नवरा वेंडेल प्रोहास्का आणि त्यांची आठ वर्षांची टेसा आयोवाहून माझ्याकडे सुट्टीला आली, तेव्हा या कुटुंबाला मार्गी लावायचे मी ठरवूनच टाकले. त्यांनी येताना चौघांसाठी (मी धरून) एकसारखे नारिंगी टी-शर्ट छापून आणले होते. पुढे 'प्रोहास्का परिवार', मागे 'सगळे एकत्र!' असे. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे असे शर्ट घालतात. हरवलेली माणसे शोधायला ते फार बरे पडतात.

यंदाच्या सहलीला एक कारण होते. गेल्या वर्षी 'कॉपरहेड' नावाच्या सर्वांत मोठ्या राईडच्या दाराशी टेसा बोटभर बुटकी ठरली आणि तिथेच फतकल मारून रडली. तेव्हा वेंडेलने तिला शब्द दिला होता, "पुढच्या वर्षी तू आणि मी. अगदी शेजारी शेजारी. पहिल्या उतारावर मी तुझा हात धरीन." त्यानंतर वर्षभर ती पोरगी दर रविवारी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उंची मोजत होती. तिला दुसरे काही नको होते. मिठाई नको, बाहुली नको. बाबांच्या शेजारची खुर्ची हवी होती.

(वेंडेलला उंचीची भीती वाटते. त्यांच्या घरातला छताचा दिवा कॉलीन बदलते. शब्द देताना तो जमिनीवर उभा होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे.)

सकाळी फाटकाशीच मी सगळ्यांची तालीम घेतली.

"किती जण?" मी विचारले.

"तीन," टेसा म्हणाली.

"चूक."

"मामा, तुम्हाला धरून चार?"

"त्याहून चूक. एक! प्रत्येकाने एक म्हणायचं. आवाजात थोडा बिचारेपणा आणायचा."

"अरे दादा, ती माझी मुलगी आहे, पार्सल नाही," कॉलीन म्हणाली. पण दुपारपर्यंत निकाल तिच्या डोळ्यांसमोर होता. इतर कुटुंबे तीन राईड करून घामाघूम झाली होती, आमच्या आठ झाल्या होत्या. त्यातली एकही आम्ही एकत्र केली नाही हे खरे, पण प्रत्येकाने प्रत्येक केली. पाण्याच्या राईडवर टेसाने जॉर्जियाच्या एका दंतवैद्याचा हात धरला. त्याच वेळी मागच्या नावेत वेंडेलचा हात कोणा परक्या आजींनी धरला होता. यात कोणाचे काही बिघडत नाही. माझ्या अंदाजाप्रमाणे या उद्यानात रोज चारशेच्या वर मुले भलत्याच बापाचा हात धरतात आणि जवळजवळ तितक्याच बापांच्या हाती भलतीच मुले लागतात. एकूण बेरीज जुळते. फक्त मालक बदलतात.

पद्धत अंगात किती भिनली होती ते जेवणाच्या वेळी कळले. खाणावळीच्या दारातल्या मुलीने विचारले, "किती जण?" आणि आम्ही चौघांनी चार बोटे वर केली, प्रत्येकी एक. आम्हाला ताबडतोब जागा मिळाली, चार टेबलांवर. टेसा एका वाढदिवसाच्या मंडळींत बसली आणि तिला केकही मिळाला. कॉलीनने खांबाआडून मला ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही, पण जेवण लवकर आटोपले हे तीही नाकारणार नाही.

मग आम्ही कॉपरहेडपाशी आलो. मुख्य रांगेचा फलक दोन तास सांगत होता. टेसा मोजपट्टीखाली उभी राहिली आणि अंबाडा मापात धरायचा नाही असे सांगूनही ती उंच भरली.

"इथे आपण मोठ्या रांगेत उभं राहायचं," कॉलीन म्हणाली. "वर्षभर वाट बघतेय ती. बापाशेजारी बसायचंय तिला."

मी तिला समजावले, की शेजार ही मानण्याची गोष्ट आहे. रूळ तेच, उतार तोच. बाप पुढच्या गाडीत असला काय किंवा मागच्या, शेवटी दोघे एकाच गोष्टीला घाबरणार. हे वेंडेलला सर्वांत आधी पटले. इतक्या चटकन पटले, की मेव्हण्याच्या बुद्धीविषयी माझे मत तिथल्या तिथे सुधारले.

टेसाने बापाकडे पाहिले, आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्या बुटांना नाड्या नव्हत्या.

वीस मिनिटांत आम्ही फलाटावर होतो. इथे एक तांत्रिक माहिती देणे भाग आहे. अशा प्रत्येक फलाटाच्या कडेला एक लहानसे दार असते. ऐन वेळी ज्यांचे अवसान गळते त्यांनी तिथून गुपचूप जिना उतरायचा. लोक त्याला भित्र्यांचे दार म्हणतात. रांगेत सर्वांत पुढे टेसा, मग वेंडेल, मग कॉलीन, मग मी असे आम्ही उभे होतो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वेंडेल रांगेत पुढे न सरकता तिरका सरकतो आहे.

फलाटावर मर्लीनबाई होत्या. निवृत्तीनंतर हौसेने काम करतात, आणि नियमाच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. एका ओळीत एक जागा रिकामी होती.

"किती जण?" त्यांनी विचारले.

टेसाने एक बोट वर केले. मग मागे वळून पाहिले. वेंडेलचा हात भित्र्यांच्या दाराच्या कडीवर होता आणि चेहरा आदल्या दिवशीच्या पावासारखा झाला होता. टेसाने दुसरे बोट वर केले.

"दोन."

"बाळा, या रांगेत दोन नसतात."

"आहेत. मी आणि बाबा. त्यांना फार भीती वाटते. त्यांना एकट्याला नका बसवू."

कठड्यापलीकडची अख्खी मुख्य रांग एका सुरात "आई गं!" म्हणाली. मी वीस वर्षांत एवढा मानहानीचा प्रसंग पाहिला नव्हता.

"भीती वगैरे नाही हं," वेंडेल म्हणाला, "मी आपलं जरा, हे दार कसलं आहे ते बघत होतो."

"नियम म्हणजे नियम," मर्लीनबाई म्हणाल्या. "दोन म्हणालीस ना? मग दोनांच्या रांगेत जा. अगदी शेवटी."

त्यांना वाटले असेल, पोरगी रडेल. मलाही तसेच वाटले होते. टेसाने कडीवरचा बापाचा हात सोडवून आपल्या हातात घेतला. "चला बाबा," ती म्हणाली आणि त्याच दारातून त्याला खाली घेऊन गेली.

"तीन," कॉलीन मर्लीनबाईंना म्हणाली आणि बापलेकीच्या मागे निघाली.

मी थांबलो. दिवसाची सरासरी कोणीतरी सांभाळायला हवी होती.

पुढच्या दोन तासांत मी कॉपरहेड पाच वेळा केली आणि प्रत्येक वेळी वर जाताना कठड्याशेजारून तीन नारिंगी शर्टांना ओलांडून गेलो. ती माणसे आपला वेळ कसा वाया घालवत होती ते मला जवळून पाहता आले. पहिल्या वेळी वेंडेल सांगत होता, "तुझ्याएवढाच होतो मी. माझ्या आजोबांचं धान्याचं कोठार, त्याला ही उंच शिडी, आणि वाऱ्याने उडालेली त्यांची टोपी वरती अडकलेली…" माझी रांग पुढे सरकली.

दुसऱ्या वेळी: "टोपी काढली, डोक्यावर घातली, आणि खाली पाहिलं. झालं! हात काही सुटेचनात."

"अकरा वर्षं झाली लग्नाला," कॉलीन म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगण्यासारखं आहे का ते?"

तिसऱ्या वेळी ते बर्फाचे लिंबूसरबत एकाच पेल्यातून पीत होते. "…अर्धं गाव खाली जमलं. बंबवाले आले, पाद्रीबुवा आले, सगळे वर बघून ओरडतायत. मग आजी आली, हातातला पिठाचा झारा तसाच घेऊन. शिडीखाली उभी राहिली आणि काय म्हणाली माहीत आहे?"

"काय?" मी विचारले. पण माझ्या मागच्या माणसाने "चला, चला" केले. त्या रांगेत थांबता येत नाही, हेच तर तिचे वैशिष्ट्य.

चौथ्या वेळी आलो तेव्हा ते तिघे हसत होते. नुसते हसत नव्हते. कॉलीन पोट धरून खाली बसली होती, टेसाला उचकी लागली होती, आणि त्यांच्या मागेपुढे उभी असलेली, त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेली डझनभर माणसेही डोळे पुसत होती. "काय म्हणाली आजी?" मी ओरडून विचारले. कॉलीनने हाताने नुसती 'जा, जा' अशी खूण केली. तिला बोलताच येत नव्हते.

पाचव्या वेळी मी फलाटावर पोचलो, आणि मर्लीनबाईंनी पुकारले, "एका ओळीत एक जागा! एकटं कोण आहे?" माझे बोट सवयीने वर गेले. त्यांनी मला त्या ओळीत नेऊन बसवले. कॉलीन, वेंडेल, टेसा आणि रिकामी खुर्ची. ती खुर्ची म्हणजे मी.

गाडी खडखडत वर चढू लागली. वेंडेलने डोळे मिटले होते आणि ओठ निळे पडले होते. टेसाने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता.

"टेसा," मी हळूच विचारले, "आजी काय म्हणाली गं?"

"मामा, आत्ता नको. मी बाबांना धरलंय."

माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. वेंडेलने डोळे उघडले, खाली पाहिले, आणि अख्खे उद्यान पायाखालून निसटत असताना मोठ्याने काहीतरी ओरडला. एक पूर्ण वाक्य होते. टेसाही तेच ओरडली, पलीकडून कॉलीनही. तिघे हसत हसत खाली कोसळले. ते आजीचे वाक्य होते याविषयी माझी खात्री आहे. माझ्या बाजूला वाऱ्याचा आवाज फार होता.

बाहेर फोटोंच्या दुकानात त्यांनी आपला फोटो विकत घेतला. टेसाचे पुढचे पडलेले दातही त्यात दिसतात. चौकट तिघांच्या मापाची होती, तेव्हा उजवीकडे दिसणारे कोपर माझे आहे. रात्री जेवताना मी पुन्हा विचारून पाहिले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पुन्हा फुटले.

"दादा, ते असं सांगून कळत नाही रे," कॉलीन शेवटी म्हणाली. "तिथे उभं राहायला हवं होतं."

वाचकांपैकी कित्येकांना आता, आजी नक्की काय म्हणाली आणि वेंडेल शिडीवरून उतरला कसा, हे जाणून घेण्याची इच्छा झाली असेल. मला माहीत नाही. पण तक्रार करू नका. दोन तासांची रांग तुम्ही माझ्या मागोमाग दहा मिनिटांत उरकली आहे. शिवाय मघाशी, तुम्ही हे वाचत होता तेव्हा, घरातले कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगत होते आणि तुम्ही मान वर न करता "हं, हं" म्हणालात. त्याचे पुढे काय झाले, तेही तुम्हाला माहीत नाही.