गुळपोळीच्या चेष्टेवरून झालेल्या मोहिमेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. झांशी शहरी, संक्रांतीचे सुमारास, मातुश्री लीलाबाईसाहेब, उमर वर्षे त्र्याहत्तर, यांणी मोबाइलावर जी मोहीम केली तिची हकीकत, पदरचा मीठमसाला न घालता, लिहिली ऐसीजे.

बाईसाहेब लग्न होऊन रेल्वे कॉलनीत दाखल झाल्या त्यास पन्नास वर्षे जाहली. त्याच साली शेजारणीने अर्ज केला की, हमारी मुन्नी को थोड़ी शिक्षा दीजिए, आणि बाईसाहेबांनी त्या निरपराध पोरीस तासभर भिंतीकडे तोंड करून उभे केले. हे स्मरणात ठेवावे.

तर संक्रांतीस बाईसाहेबांनी आपल्या गुळपोळीची तसबीर कुटुंबाचे व्हॉट्सॲप ग्रुपात रवाना केली आणि बावीस अंगठे नजर जाहले. मग मऊरानीपुराहून नातसून शलाका, जी माहेरची हिंदी आणि रोज चार वाजता फोन करून आजीपाशी मराठी शिकणारी, तिचा खलिता आला की, "आजी, तुमच्या गुळपोळीची मी पण खूप चेष्टा केली." वर हसरा चेहरा.

बाईसाहेबांचे मस्तकी अग्नी पेटला. भर ग्रुपात हुकूम सुटला की, जिला आमच्या पोळीचे हसू येते तिणे आम्हांस तोंड दाखवू नये. आणि शलाकेस ब्लॉक केले. त्या कामी चष्मे दोन लागले, आणि पहिल्या हल्ल्यात चुकून दूधवाले जयसिंगजी गारद जाहले, सबब दुसरे दिवशी चहा कोरा.

गनीम नामोहरम जाहला. परंतु रोज चार वाजत आणि फोन वाजेना, आणि बाईसाहेब तो उचलून, पुसून, पुन्हा ठेवीत.

चौथे दिवशी शलाका बसने स्वतः चालून आली, हाती डबा, डब्यात करपलेली पोळी.

"आजी, मैंने किया क्या? दोनदा चेष्टा केली, दोनदा गूळ बाहेर आला!"

"केलीस, आणि वर तोंडावर सांगतेस?"

"तो और कैसे कहूँ? कोशिश ही तो की ना!"

बाईसाहेबांस मुन्नी आठवली. मग त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि पाठ हसण्याने गदगदू लागली.

नंतर तह जाहला. ब्लॉक काढणे बाईसाहेबांस साधेना, सबब गनिमाने आपल्याच हाते आपली बेडी काढली. बाईसाहेबांनी ती करपलेली पोळी, वर तूप घेऊन, सबंध फस्त केली, आणि ग्रुपात फत्तेनामा धाडिला तो येणेप्रमाणे: "शलाकाने उत्तम चेष्टा केली. मराठी जाणणारांनी हिंदीत वाचावे."