टेबलावरचा धीर

या मंडळी, जरा पुढं सरका. भिंत टेकायला मिळाली म्हणून मागं बसू नका, कथा ऐकण्याजोगी आहे. जगात जे दिसतं त्याला नाव असतं आणि जे दिसत नाही त्याला मार्क नसतात. हे सत्य बारामती तालुक्यातल्या एका इंग्रजी शाळेनं परिपत्रक काढून प्रथम मांडलं, त्याबद्दल शाळेचं कौतुकच केलं पाहिजे.

शाळेत नाउनचं, म्हणजे नामाचं, प्रदर्शन होतं. (आम्हा कीर्तनवेड्यांना नाम म्हटलं की वेगळंच आठवतं, ते असो.) नियम सोपे. प्रत्येक मुलानं चिठ्ठीत आलेलं नाम घरून आणावं, टेबलावर मांडावं आणि परीक्षकांना त्याला हात लावता यावा. न आणल्यास शून्य, तेही वार्षिक निकालात. यशराजला सामान्यनाम आलं, त्यानं शेळी आणली. निकिताला द्रव्यवाचक, तिनं कारखान्याच्या सभासदांना मिळणारी साखर आणली. ज्ञानेशच्या चिठ्ठीत वालचंदनगर हे विशेषनाम निघालं. त्यानं तिथल्या क्वार्टरमध्ये राहणारा मामा आणला. (चर्चेअंती ग्राह्य.)

कोऱ्हाळ्याच्या सोनमला मात्र भाववाचक नाम आलं : पेशन्स. पोर रडतच घरी आली.

"आबा, धीर कुठं मिळतो?"

आजोबा महिपतीआबा गावचे टाळकरी. कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहण्यात हयात गेलेली.

"बारामतीत मिळत आसंल. का गं?"

"न्यायचाय. मॅडमनी हात लावून बघितला पायजे, न्हायतर शून्य."

"मग मलाच ने की!"

"ह्यांच्यात कुठला आलाय धीर?" चुलीपुढून आजी म्हणाली. "च्याला उशीर झाला की घर डोक्यावर घेत्यात. धीर म्या धरलाय. पण मला भाकऱ्या हायत, त्यांनाच ने."

अशा रीतीनं आबा धुतलेला फेटा बांधून, गळ्यात 'पेशन्स'ची पाटी घालून टेबलावर बसले. परीक्षक राजेश्वरी मॅडमनी प्रथम खांदा दाबून पाहिला. भरीव होता. मग दर्जाची तपासणी सुरू झाली. एका पालकांनी मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटचं खोलीवार वर्णन केलं. एका विमा एजंटानं आबांना त्यांच्या मरणाचे फायदे समजावले. शेजारच्या सामान्यनामानं धोतराचा सोगा खाल्ला. आबा हलले नाहीत. मॅडमनी दहापैकी नऊ मार्क ठरवले. उरलेला एक प्रमुख पाहुण्यांच्या हातचा.

पाहुणे इंदापूरहून निघाले होते. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, मग सत्कार आडवे आले, मग एक लग्न दिसलं. (बोलावणं नव्हतं, भाषण झालं.) तोवर मुलांनी डबे उघडायचे नाहीत, असं ठरलं होतं. शिस्त दिसली पाहिजे. शिस्त हेही भाववाचक नामच.

उन्हं कलली तेव्हा पाहुणे मांडवात आले आणि थेट माइककडे गेले. लहानपणी आपण उपाशीपोटी कसे शिकलो, हा विषय. आबांना त्याचं काही नव्हतं. बोलणारा श्वासाला थांबला की त्यांचे हात सवयीनं टाळ धरायला जात, एवढंच. पण मग त्यांनी टेबलाशी उभ्या सोनमकडं पाहिलं. पोरीचे ओठ सुकले होते. एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत ती आता टेबलाला टेकली होती.

"सायेब," टेबलावरून धीर म्हणाला, "तुमचं ल्हानपण सांगून झालं आसंल, तर ह्यांच्या ल्हानपणाला दोन घास खाऊ द्या."

पाहुणे पाणी प्यायले. पाठोपाठ डब्यांची झाकणं वाजली, ती मॅडमना आवरली नाहीत.

निकाल नियमानुसारच लागला. धीर सुटला, सबब नमुना सदोष : शून्य. पहिलं बक्षीस शेळीला, कारण तिनं निकिताची साखर खाल्ल्यामुळं एका टेबलावर दोन नामं भरली.

"आबा, शून्य मिळालं," सोनम भरल्या तोंडानं म्हणाली.

"व्हय. चटणी सरकव जरा."

परीक्षकांवर आमचा राग नाही. त्यांचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी धीर टेबलावर शोधला. अस्सल, निर्दोष माल समोर खुर्च्यांवर होता. पोटची पोरं उपाशी दिसत असताना प्रत्येक वाक्याला टाळी देणारे आईबाप! तो धीर कुठल्या टेबलावर मावणार? इकडंतिकडं बघू नका मंडळी, तुम्हीही तिथंच होता, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. झालं ते झालं. पुन्हा कधी असा मांडव पडेल आणि टाळीसाठी हात उचलाल, तेव्हा आमच्या महिपतीआबांची तेवढी आठवण ठेवा.